कॉपीची बाजू घेणारी अक्का

अक्का, तू परत आलीस म्हणे. तुझ्या खजुरीच्या घरात उठता-बसता सगळे हेच बोलायलेत. मला मात्र तू काही कळवलं नाहीस. तुला जाऊन पुरते दोन महिने झाले नव्हते, तोवर तुझ्या सतीशच्या बायकोला, अश्विनीला मुलगी झाली. पोरीचं अंग पुसून व्हायच्या आत तुझ्या थोरल्या जाऊबाईंनी जाहीर करून टाकलं, "कुसुमच आली गं बाई! हनुवटी बघा, हनुवटी!" मी पाहिली हनुवटी. अक्का, ती पोर अजून मान धरत नाही, हनुवटी कुठली? पण नाही. कपाळ तुझं, बोटं तुझी, रडायची तऱ्हासुद्धा तुझी. तुला रडताना यातल्या कुणी पाहिलं होतं? मी तुझा पाठचा भाऊ, मलाही आठवावं लागतं.

लोक मला सांगतात, मास्तर, मन मोकळं करा. मोकळं काय करू? माझं डोकं तापलंय. आणि ते का तापलंय हे ज्या एका माणसाला सांगता आलं असतं ती तू, आणि तू तर म्हणे पाळण्यात पडून दूध ओकायलीस.

नावही ठरवून टाकलं होतं त्यांनी. कुसुम. तुझं. आता सुनेनं सासूचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? म्हणून अश्विनी आपल्या पोटच्या पोरीला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणून हाक मारणार, सतीश तिला अव्वा म्हणणार, आणि ती हट्टाला पेटली तरी कुणी चापट मारायची नाही, कारण सासूवर हात कसा उचलायचा? आपल्या या सीमाभागात याचं कुणाला काही वाटत नाही. गल्लीगल्लीतून उघडे फिरणारे अप्पा आणि अण्णा काय कमी आहेत? आजाचं नाव ठेवायचं, मग त्या नावानं हाक मारायची पंचाईत, मग दीड वितीचं पोरगं अप्पा. मलाही यात कधी काही वाटलं नव्हतं. तुला वाटत होतं, आणि ते तू मला सिनेमे बघता बघता सांगितलंस.

काय काय बघितलं आपण! तू गुडघे दाखवायला हुमनाबादला माझ्याकडं यायचीस. डॉक्टरकडून आलं की जेवण, मग दुपारभर टीव्ही. तुला मालिका नको असायच्या. "ते रडणं बघून माझे गुडघे जास्त दुखतात," म्हणायचीस. तुला लागायचे ते हिंदीत बोलणारे इंग्रजी सिनेमे, आणि त्यातही माणसाची कॉपी काढायचे. समोर ताटात तूर निवडायला घ्यायचीस, हात खड्यांवर आणि डोळे पडद्यावर. कुठं तो बर्फातला डॉक्टर, पाण्यात बुडून मेलेल्या पोरीची कॉपी काढणारा. कुठं तो गर्भश्रीमंत म्हातारा, स्वतःच्याच चार-पाच कॉप्या तळघरात पोसणारा, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की काढून घ्यायला बरं. मी शेजारी बसून चुका काढायचो. आयुष्यभर पीयू कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलेला माणूस, मला राहवत नसे. काचेच्या टाकीतून तयार पंचवीस वर्षांचा माणूस बाहेर येतो, अंग पुसतो, आणि त्याला पहिल्याचं सगळं आठवतं! अरे, आठवणी काय पेशीत भरून ठेवलेल्या असतात? लोणचं आहे का ते?

"असं नसतंय अक्का," मी तुला समजावायचो. "एका पेशीतलं केंद्रक काढायचं, दुसऱ्या बाईच्या अंडपेशीत घालायचं, ते पोटात वाढवायचं, मग नऊ महिन्यांनी साधं बाळ होतंय. रडणारं. उशिरा आलेलं जुळं म्हण. त्यात एवढं घाबरायचं काय?"

"पोटात वाढवायचं? कुणाच्या?"

"असते एक बाई."

"ती सिनेमात कुठं हाय?"

मी पडद्याकडं बघितलं. खरंच नव्हती. डॉक्टर होता, त्याचं दुःख होतं, यंत्रं होती, लाल-हिरवे दिवे होते. पोटात वागवणारी बाई नव्हती. तू तुरीचं ताट खाली ठेवून म्हणालीस, "म्हणून तर काचेची टाकी करतात मेले. टाकीला काही विचारावं लागत न्हाई." अक्का, मी एवढी वर्षं तो धडा शिकवला. फळ्यावर आकृती काढायचो, त्या बाईच्या जागी एक गोल काढून पुढं जायचो. तू सातवी पास. तुझ्यावर चिडू की तुझ्या पाया पडू, हे मला त्या दुपारी कळलं नाही, आणि आजही कळत नाही.

मी काही सहजासहजी ऐकणारा नव्हतो. तुझ्याच रानातला दाखला तुला दिला. म्हटलं, खजुरीत तुमचा ऊस बघ. कांडी तोडून लावता, तिला फुटवा येतो, तो पहिल्या उसाची हुबेहूब कॉपी. सबंध शिवार कॉप्यांनी भरलंय. तू त्याचा गूळ खातेस, तेव्हा तुला नीती-अनीती आठवत नाही. मला वाटलं, आता गप्प बसशील.

"उसाचं बारसं करतोस का रे दत्तू?" तू विचारलंस. "पहिला ऊस मोडला म्हणून रडत बसून दुसऱ्याला त्याचं नाव ठेवतोस? त्याच्याकडं बघून, तू पहिल्यासारखा डुलत न्हाईस, म्हणून तोंड वाकडं करतोस? मग उसाचं मला काय सांगायलास?"

"जन्माच्या आधी कुणालाच कुणी विचारत नाही, अक्का. तुला-मला तरी विचारलं होतं का?"

"न्हाई विचारलं. पण तुझं काम आधी ठरवून ठेवलं नव्हतं. त्या पोरीचं ठरलंय. तिनं मेलेलीसारखं हसायचं, तेवढंच तिचं काम."

त्यावर मी काही तरी बोललो असणार, मी बोलल्याशिवाय राहत नाही. पण ते आठवण्यासारखं नव्हतं. आणि ज्या सिनेमात शेवटी नायक आपल्याच कॉपीला कड्यावरून ढकलून देतो, तो बघताना तू किती भडकली होतीस! पडद्यावरचे लोक मिठ्या मारायलेत, वाजंत्री वाजायलीत, आणि तू ओरडलीस, "अरे, त्यानं काय केलं होतं? त्याच्या आईबापाचं नाव न्हाई म्हणून मारायचं का?" शेजारच्या बाई खिडकीतून बघायला आल्या. तू दर वेळी कॉपीची बाजू घ्यायचीस. एकदाही खऱ्याची घेतली नाहीस. मी त्याला हट्ट म्हणायचो.

हट्ट नव्हता तो, हे मला कळायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला ते माहीतच होतं गं. आपल्या दुबलगुंडीच्या घरात कोण नव्हतं जाणत? तुझ्याआधी एक कुसुम झाली होती. चालायला लागली, बोलायला लागली आणि तापानं गेली. वर्षाच्या आत तू आलीस. आजीनं तुला हातात घेतलं आणि तेच म्हणाली जे तुझ्या जाऊबाई परवा म्हणाल्या. तेच वाळे तुझ्या पायात, तीच झबली अंगात, तेच नाव. आई तुला भरवताना म्हणायची, "आधी तुला केळं आवडायचं गं, आता कामून थुंकायलीस?" तू आधी केळं खाल्लंच नव्हतंस. हे तू मला मोठेपणी हसत सांगायचीस, पण केळं तू शेवटपर्यंत खाल्लं नाहीस.

आणि तो फोटो. पहिलीला घेऊन आई-अप्पा गाणगापूरला दर्शनाला गेले होते, तिथं देवळाजवळच्या फोटोवाल्याकडं काढलेला. खुर्चीवर बसलेली, काजळ गालापर्यंत आलेलं, हातात कुठलं तरी उसनं खेळणं. तो फ्रेम करून ओसरीवर टांगला. पाहुणे आले की विचारायचे, "ही कोण?" अप्पा म्हणायचे, "आमची कुसुम." खोटं काहीच नव्हतं. पाहुणे मग तुझ्याकडं बघून म्हणायचे, "लहानपणी किती गुटगुटीत होती!" तू खाली मान घालून पाण्याचा तांब्या ठेवायचीस. माझा फोटो काढला, धाकट्या भावाचा काढला. तू हटून बसलीस, माझा बी काढा म्हणून, तेव्हा आई म्हणाली, "तुझा हाय की घरात." तुझा नव्हता. तुझा लहानपणीचा एकही फोटो या जगात नाही, कारण घरात सगळ्यांना वाटत होतं की तो आहे.

आता मला सांग, हे सगळं मनात घेऊन तू माझ्याशी कशी वागलीस? मला कडेवर घेऊन एरंडाच्या झाडाखाली न्यायचीस, पानामागचा सुरवंट दाखवायचीस. डब्यात पानं घालून आपण तो ठेवला होता. रोज सकाळी झाकण उघडून बघायचं. कोष फुटला तेव्हा मी रडलो, माझा सुरवंट कुठं गेला म्हणून. तू म्हणालीस, "गेला तो. हे दुसरं हाय. ह्याच्याकडं बघ की." पुढं मी त्याची लांबलचक नावं शिकलो, शिकवली, त्यावर पोट भरलं. पण बघायला तू शिकवलंस. ते कधी बोललो नाही तुझ्याजवळ. आपल्यात कुठं असलं बोलतात? भावानं बहिणीला साडी घ्यायची आणि रंगावरून बोलणी खायची, एवढंच आपल्याला येतं.

आपलं शेवटचं भांडण आठवतं ना? तोच बर्फातला डॉक्टर पुन्हा लागला होता. त्याच्या पोरीची कॉपी मोठी होते, आणि एक दिवस पहिलीला आवडणारं गाणं म्हणायला नाही म्हणते. तो तिच्या अंगावर ओरडतो. तू म्हणालीस, बंद कर. मी टीव्ही बंद केला. मग तू एकदम विचारलंस, "दत्तू, मी मेल्यावर तुझ्याजवळ असलं मशीन असलं, तर काढशील का मला?"

मी म्हणालो, "व्हय. काढीन."

"एवढं सगळं ऐकून बी?"

"व्हय."

"कामून?"

आणि मी तोंड उघडणार एवढ्यात दारात सतीशची गाडी थांबली. तुला न्यायला आला होता. तू पिशवी उचललीस, चपला शोधल्यास, आणि जाता जाता म्हणालीस, "पुढच्या बारीला सांग. पण नीट विचार करून सांग, मास्तरासारखं नको." पुढची बारी कुठं आली? अशी अर्ध्यात उठून जायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही. निदान भांडण तरी संपवून जायचं!

तेराव्याला खजुरीत आलो, तर बसथांब्यापाशी तुझा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली सगळ्या गणगोताची नावं, आणि तुझे तीन फोटो: म्हातारपणीचा, लग्नातला, आणि कोपऱ्यात बालपणीचा. खुर्ची, काजळ, उसनं खेळणं. तुझ्या मरणावर सुद्धा तीच बसली होती, अक्का. माझं डोकंच फिरलं. चहावाल्याकडून कॅलेंडरचं एक जुनं पान मागून घेतलं, त्याच्याकडच्याच भज्याच्या पिठाची खळ केली आणि त्या चौकोनावर ते चिकटवून टाकलं. लोक बघायलेत, कुणी हळूच म्हणालं, मास्तरांना लई लागलंय. सतीश धावत आला.

"मामा, हे काय करायलाव?"

"ही तुझी अव्वा नव्हं. ही तिच्या आधीची."

"घरात सगळे अव्वाचाच म्हणायचे की! बरं, मग तिचा लहानपणीचा दुसरा द्या. छापून आणतो."

काय देणार होतो? पान तसंच राहिलं, आणि तुझ्या श्रद्धांजलीत एका कोपऱ्यात लोकांना तिथी-वार दिसत राहिले.

म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम खजुरीला गेलो. अंगणात घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालणं चाललं होतं. मी सरळच विषय काढला. म्हटलं, त्या पोरीला कुसुम नाव ठेवू नका. तुझ्या जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कामून बरं? आमच्यात चालत आलंय ते. तुमचं शिक्षण तुमच्या कॉलेजात ठेवा, मास्तर. ती गेली आणि ही आली, आंधळ्याला बी दिसायलंय."

"वहिनी, अश्विनीला कितवा महिना लागला हे तुम्हीच मोजत होता ना? अक्का जिवंत असताना ही पोर पोटात हातपाय मारायलीच होती. मग आली कधी ती?"

"ते देवाला विचारा!"

देवाला काय विचारतो! मी सतीशकडं वळलो. वाटलं, शिकलेला आहे, शाळेत मास्तर आहे, याला पटेल. तर तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मामा, तुम्हाला कशाचा त्रास व्हायलाय? अव्वा परत आली म्हटलं की मला झोप लागायलीय. एवढंच राहिलंय माझ्याजवळ. ते बी काढून घेणार का?"

अक्का, ओळखीचं वाटतंय का हे? सिनेमातला डॉक्टर नेमकं हेच बोलतो, तिथं मी त्याच्यावर हसायचो. इथं तुझा पोरगा, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याच्यावर कसं हसू? मला त्याचा राग आला, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी जमत नाही म्हणून आणखी राग आला. जाऊबाई हरभऱ्यात हात घालून जोरजोरात ढवळायला लागल्या. अश्विनी दाराच्या आत बाजेवर बसून पोरीला पाजत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. पण तिला काही विचारावं असं माझ्यासकट कुणाला सुचलं नाही.

मग मी बोललो. ओरडलो म्हण. "तू दुसरा फोटो मागितलास ना त्या दिवशी? ऐक आता, दुसरा कामून न्हाई ते." आणि सगळं सांगितलं. वाळे, झबली, केळं, ओसरीवरचा फोटो, आणि आईनं म्हटलेलं, तुझा हाय की घरात. "तुझी अव्वा आयुष्यभर दुसऱ्या पोरीची जागा राखत बसली, सतीश. घरातल्या सगळ्यांना झोप लागावी म्हणून. सगळ्यांना लागली. तिला लागली का, ते कुणी विचारलं न्हाई. आता तिच्या नातीला त्याच खुर्चीवर बसवायलाव तुम्ही. बसवा. मी बारशाला यायचो न्हाई."

सतीश उठला आणि रानाकडं गेला. मी हुमनाबादला परत आलो, रात्री झोपेपर्यंत घरातल्यांवर चिडचिड केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी टोपी घालून बारशाला गेलो. हसू नको. भाचेसुनेच्या पहिल्या बाळंतपणाचं बारसं, सोडून कसं चालेल?

पाळणा सजवला होता. बायका जमल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून तुझी लेक सुनीता पाळण्यावर वाकली आणि पोरीच्या कानात पुटपुटली. बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालायलेत, हसायलेत, तुझ्या जाऊबाईंचा हात तर सगळ्यात वर. मी खांबाला टेकून उभा, हाताच्या मुठी आवळलेल्या. सुनीता उठली, पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाली, "तन्वी."

जाऊबाईंचा धपाटा वरच्या वरच राहिला.

तन्वी! अक्का, माझ्या दर वर्गात या नावाच्या दोन-दोन, तीन-तीन पोरी असायच्या. हजेरी घेताना एकीला हाक मारली की तिघी ओ द्यायच्या. एवढं रक्त आटवून शेवटी काय मिळालं, तर तन्वी! मी सुनीताला बाजूला घेऊन विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं. ती म्हणाली, काल रानातून आल्यावर दादानं वहिनीला विचारलं, तुझ्या मनात कोणतं नाव होतं. वहिनीनं पोटुशी असल्यापासून हे मनात धरलं होतं. सांगायचं कुणाला, म्हणून सांगितलं नव्हतं. नाव मला आवडायला पाहिजे असं कुठं ठरलं होतं?

तू असतीस तर म्हटलं असतंस, दत्तू, जिंकलास. पण ऐक पुढं काय झालं.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पांगल्या, आणि अश्विनीनं पोरीला आणून माझ्या मांडीवर दिलं. जाऊबाई समोरच भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड फिरवून. पोर दोन घटका छताकडं बघत पडली, मग तिनं ओठ काढला आणि टाहो फोडला. मी तिला हलवलं, थोपटलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "उगी अक्का, उगी. उगी गं अक्का."

मला ते कळलंही नाही. जाऊबाईंनी वळून बघितलं तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नको. सतीशनं मान खाली घातली. शिकवून शिकवून घसा कोरडा केलेला मी, कॅलेंडर चिकटवणारा मी, आणि मीच त्या पोरीला तुझी करून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला ते बरं वाटलं. फार बरं वाटलं. हातात तू होतीस, ऊबदार, चिडलेली, आणि मी तुला गप्प करत होतो.

अश्विनी दोन पावलं पुढं आली. या घरात मोठ्यांसमोर तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मामा, तिचं नाव तन्वी हाय."

रागानं नाही. नवीन माणसाची ओळख करून द्यावी तसं, सरळ.

"व्हय," मी म्हणालो. "चुकलं. तन्वी. उगी गं तन्वी."

पोर काही गप्प झाली नाही. तिला दोन्ही नावांचं काही पडलेलं नव्हतं. भूक लागली होती. तिच्या आईनं तिला उचलून घेतलं आणि पाजायला आत नेलं.

तर अक्का, तुझ्या 'कामून'चं उत्तर हे. मी तुला काढीन म्हणालो, कारण तुझ्याशिवाय माझं चालत नाही. शास्त्र वगैरे काही नव्हतं त्यात. तुझ्यावर माझी माया आहे, ती ठेवायला आता जागा नाही, आणि मशीन समोर असतं तर मी त्या मांडीवरच्या पोरीलाही त्यात घालून तुझी करून घेतली असती. मास्तरासारखं न सांगता सांगतोय. तुझं बरोबर होतं. माझं चुकत होतं, आणि तरीही मी पुन्हा तेच म्हणेन. या दोन्हींचं काय करायचं ते तू सांगायला हवं होतंस. सांगितलं नाहीस. तो राग माझा तुझ्यावर राहीलच, त्याला इलाज नाही.

दुपारी आळंदची बस धरली. खिडकीशी बसलो, खजुरी मागं गेली, आणि मला रडू फुटलं. असं, की टोपी तोंडावर धरावी लागली. शेजारी एक म्हातारा बसला होता, गुडघ्यात गाठोडं धरून. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, कोण वारलं का म्हणून. मी म्हणालो, माझी बहीण गेली. थोरली. त्यानं मान हलवली आणि माझ्या हातावर हात ठेवला. अक्का, तू गेल्यापासून हे वाक्य मला कुणी पूर्ण म्हणू दिलं नव्हतं. मी ते पुन्हा एकदा म्हटलं. माझी बहीण गेली.